पायदान की आधार? पिकअपसाठी रॉक स्लायडर निवडताना

धाराशिव : बालाघाटाच्या उतारावरून वस्तीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर पिकअपचे एक चाक खोल चाकोरीत उतरते, गाडी त्या बाजूला कलते आणि दाराखालची पत्र्याची पट्टी मुरुमात रुतलेल्या दगडावर टेकते. आवाज फारसा मोठा होत नाही. चालक गाडी पुढे काढतो, सपाटीवर थांबून दार उघडू पाहतो, तेव्हा ते चौकटीत अडकलेले असते. दाराखालची ही पट्टी शोभेची नसते. केबिनच्या सांगाड्याचा तो भार पेलणारा भाग असतो. ती आत दबली की दाराची चौकट वाकते आणि डेंटिंगच्या दुकानात कितीही ठोकठाक केली तरी दार पूर्वीसारखे बसत नाही. पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी आत येऊ लागते आणि दोन-तीन वर्षांत पट्टीला आतून गंज चढतो.

हे टाळण्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध, जो जाड लोखंडी दांडा बसविला जातो त्याला रॉक स्लायडर म्हणतात. नावातच त्याचे काम आहे. खडकावर टेकल्यावर गाडीचा भार स्वतःवर घ्यायचा आणि गाडीला त्यावरून घसरत पुढे जाऊ द्यायचे. खडकाळ वाटांवर गाड्या चालविण्याच्या अमेरिकी छंदातून हा प्रकार रूढ झाला. गोव्यात २०१४ पासून भरू लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमुळे आपल्याकडील हौशी चालकांनाही तो परिचित झाला. धाराशिव जिल्ह्यात मात्र त्याचा विचार हौसेपेक्षा गरजेपोटी करावा लागतो. भूम आणि वाशीच्या माळांवरील पवनचक्क्यांपर्यंत कामगार व अवजारे पोहोचविणाऱ्या दुहेरी केबिनच्या गाड्या, शेतातून माल उचलणारी बोलेरो पिकअप, आणि अलीकडे ग्रामीण भागातही दिसू लागलेली इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स, या सर्वांची वाट डांबरी रस्ता संपल्यावरच खरी सुरू होते.

भूमीचा स्वभाव

ज्या काळ्या पाषाणात नळदुर्गचा किल्ला उभा राहिला, तोच बेसाल्ट या जिल्ह्याच्या मातीखाली सर्वत्र आहे. हा खडक झिजताना त्याचे गोल गोटे सुटे होतात व भोवतीचा भाग मुरूम बनतो. पावसाने मुरूम वाहून गेला की गोट्याचे डोके वर येते, बूड मात्र जमिनीत घट्ट राहते. अशा दगडावर गाडी टेकली तर दगड हलत नाही, पत्राच हलतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा व भूम भागांत नदीकाठच्या जमिनी खरवडून नेल्या, तेव्हा शेतांकडे जाणाऱ्या वाटांचीही तीच गत झाली. माती गेली, दगड राहिले. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली खरी. परंतु पाणंद पक्की झाली तरी तिच्यापासून गोठ्यापर्यंतचा अखेरचा तुकडा बहुधा ओढ्यातून किंवा दगडी तालीवरूनच जातो.

याउलट उमरगा किंवा कळंब भागातील खोल काळ्या जमिनीत अडचण दगडाची नसून चिखलाची असते. तेथे स्लायडरचा उपयोग जवळजवळ नाही. चिखलात रुतणाऱ्या गाडीच्या बगलेला पन्नास किलो लोखंड लटकविणे म्हणजे रोग एक आणि औषध भलतेच. त्यामुळे आपली गाडी प्रत्यक्षात कशावर टेकते, हे खरेदीपूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. ओरखडे दाराखालच्या पट्टीवर असतील तर स्लायडरचा विचार रास्त आहे. ते इंजिनाच्या चेंबरवर किंवा मागच्या डिफरन्शियलवर असतील तर पैसे आधी चेंबर गार्डवर आणि चांगल्या टायरवर खर्च करावेत. चेंबर फुटले तर तेल वाहून जाते आणि चालकाच्या वेळीच लक्षात आले नाही तर इंजिन जाते. दाराची पट्टी दबली तरी गाडी घरी येते.

पायदान म्हणजे स्लायडर नव्हे

बाजारात सर्वाधिक फसगत होते ती येथे. अॅक्सेसरीच्या दुकानात चकचकीत नळीचे किंवा अॅल्युमिनियमचे पायदान मिळते. त्यावर पाय ठेवून केबिनमध्ये चढता येते. स्लायडरही साधारण त्याच जागी असतो आणि लांबून तसाच दिसतो. फरक दिसण्यात नसून जोडणीत आहे. पायदान एका माणसाचे वजन पेलण्यासाठी बनविलेले असते व पुष्कळदा ते केबिनच्या पत्र्यालाच किंवा पातळ पट्ट्यांवर कसलेले असते. ते दगडावर टेकले की वर वळून थेट दाराखालच्या पट्टीत घुसते. म्हणजे जे वाचवायचे त्याचेच नुकसान पायदान करते, आणि दगडाने एकट्याने केले असते त्याहून काकणभर अधिकच.

पिकअपची रचना लक्षात घेतली तर यातील मर्म कळते. शिडीच्या आकाराची जाड पोलादी चॅसिस खाली, तिच्यावर रबरी बुशांच्या आधाराने केबिन आणि मागे स्वतंत्र हौदा. खराब वाटेवर चॅसिस पिळवटते, केबिन आपल्या बुशांवर किंचित वेगळी हलते. भार घेण्याची ताकद चॅसिसमध्ये आहे, केबिनमध्ये नाही. म्हणून स्लायडर चॅसिसलाच जोडलेला असला पाहिजे आणि केबिनला त्याचा कोठेही स्पर्श होता कामा नये. दोहोंत किमान बोटभर, म्हणजे वीस ते पंचवीस मिलिमीटर, मोकळी जागा हवी. एक टोक चॅसिसला आणि दुसरे केबिनच्या पत्र्याला बांधलेला स्लायडर कोणी देऊ केला तर तो घेऊ नये. चॅसिस व केबिन वेगवेगळ्या हलत असल्याने पत्रा बोल्टच्या छिद्रापाशी फाटत जातो.

नळी किती जाड, किती रुंद?

तयार स्लायडर प्रामुख्याने महागड्या गाड्यांसाठी मिळतात. बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धाच्या मालकाला बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनविणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानातच जावे लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. ट्रॉलीचा सांगाडा उसाचा भार पेलतो, तो बनविणाऱ्या हाताला स्लायडर अवघड नाही. मात्र काय मागायचे हे मालकाला ठाऊक असावे.

दुकानात जो ‘दीड इंची’ पाइप म्हणून मिळतो त्याचा बाहेरील व्यास प्रत्यक्षात ४८.३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास पंधरा सूत आहे, दीड इंच नव्हे. हे माप नळीच्या आतील पोकळीवरून पडलेले नाव आहे. पाइपच्या जाडीचे तीन वर्ग असतात व त्यावरील रंगाच्या पट्ट्याने ते ओळखता येतात. ए क्लासला पिवळा, बी क्लासला निळा, सी क्लासला लाल. दीड इंची बी क्लासची भिंत ३.२ मिलिमीटर जाड असून वजन मीटरला ३.५६ किलो भरते; सी क्लासची भिंत ४ मिलिमीटर व वजन ४.३७ किलो. ए क्लासचा पिवळा पट्टा दिसला तर पुढे बोलणेच नको.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मजबुती हवी म्हटले की ‘जाड पाइप वापरा’ असे सांगितले जाते. परंतु वाकण्याला होणारा विरोध नळीच्या भिंतीपेक्षा तिच्या व्यासाने अधिक झपाट्याने वाढतो. दीड इंची बी क्लासऐवजी सी क्लास घेतला तर वजन सुमारे २३ टक्क्यांनी वाढते आणि वाकण्याविरुद्धची ताकद साधारण १९ टक्क्यांनी. मात्र दीड इंची सी क्लासऐवजी दोन इंची बी क्लास, म्हणजे ६०.३ मिलिमीटर व्यासाचा व ३.६ मिलिमीटर भिंतीचा पाइप घेतला, तर वजन मीटरला ५.०३ किलो, म्हणजे केवळ १५ टक्क्यांनी अधिक; ताकद मात्र जवळपास दीडपट. किंमत किलोवर ठरत असल्याने हा हिशेब खिशालाही मानवतो. अडचण एवढीच की मोठी नळी बारा मिलिमीटर अधिक जागा खाते. ती जागा खालून खाल्ली तर गाडीची जमिनीपासूनची उंची तेवढी कमी होते. म्हणून मुख्य नळी दोन इंची घ्यावी, पण तिची खालची कड चॅसिसच्या खालच्या कडेपेक्षा खाली उतरू देऊ नये. खाली लोंबणारा स्लायडर एरवी जो दगड लागलाही नसता तोच गाठतो.

चौकोनी पाइपही वापरला जातो. तो केबिनखाली घट्ट बसतो, वर पाय ठेवायला सपाट पृष्ठभाग मिळतो आणि पाय जोडताना सांधा सोपा होतो. दगडावरून घसरताना मात्र गोल नळी सरस ठरते, कारण चौकोनी पाइपची कड दगडाच्या खाचेत अडकते. आपल्याकडच्या गोल गोट्यांचा विचार करता गोल नळीचे पारडे जड आहे.

पाण्याच्या जोडणीसाठी मिळणारा जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप स्वस्तात पदरात पडतो म्हणून वापरू नये. वेल्डिंग करताना जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास कारागिराला ताप भरतो, शिवाय सांध्यात बुडबुडे राहून जोड कच्चा होतो. साधा काळा एमएस पाइप घ्यावा.

जोड आणि पाय

नळी कितीही चांगली असली तरी भार चॅसिसपर्यंत पोहोचतो तो स्लायडरच्या पायांतून. प्रत्येक बाजूला किमान तीन, दुहेरी केबिनच्या गाडीला चार पाय हवेत. पाय जितका लांब तितका तो चॅसिसला अधिक पिळतो. पंचवीस सेंटिमीटरचा पाय पंधरा सेंटिमीटरच्या पायाच्या जवळपास पावणेदोन पट पीळ टाकतो. म्हणून स्लायडर केबिनच्या बाहेरच्या रेषेपलीकडे काढण्याचा मोह टाळावा. तो दाराच्या रेषेइतपत आला की पुरे. नळीचा बाहेरचा भाग किंचित वर उचललेला असावा, म्हणजे गाडी कलल्यावर पत्र्याआधी तोच टेकतो.

प्रत्येक पायाच्या मुळाशी किमान सहा मिलिमीटर जाडीची प्लेट हवी. साधारण पंधरा बाय वीस सेंटिमीटरची प्लेट भार चॅसिसच्या पुरेशा भागावर पसरविते. पाय व प्लेट यांच्या कोनात त्रिकोणी सपोर्ट पट्टी असावी. सांध्याचे वेल्डिंग पूर्ण परिघावर झाले आहे की केवळ चार टाके मारले आहेत, हे रंग लावण्यापूर्वी पाहावे. ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेला जोड दिसायला सुंदर असतो, पण त्यात जोडाचेच मांस घासले जाते. खवलेदार, सलग, उघडा जोड अधिक विश्वासाचा.

आता सर्वांत कळीचा मुद्दा. ही प्लेट चॅसिसला थेट वेल्ड करावी की बोल्टने कसावी? वेल्ड केलेला स्लायडर अधिक घट्ट असतो व परदेशात तशी पद्धतही आहे. तरीही मालवाहू पिकअपसाठी बोल्टचीच जोडणी योग्य. चॅसिसवर भाजलेल्या जागेच्या कडेला पोलादाचा गुण बदलतो आणि रोज टनभर माल वाहणाऱ्या चॅसिसला तडा जातो तो नेमका तेथे. शिवाय डिझेलची व ब्रेकची नळी, विजेच्या तारा चॅसिसला लागूनच गेलेल्या असतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इतकी आहे की गाडीवर कोठेही वेल्डिंग करायचे झाल्यास बॅटरीचे जोड आधी सोडावेच लागतात. बोल्टने बसविलेला स्लायडर काढता येतो, हा त्याचा आणखी एक गुण. त्याचे महत्त्व पुढे येणारच आहे.

बोल्टसाठी चॅसिसमध्ये कारखान्यातूनच असलेली छिद्रे वापरावीत. ती जुळत नसतील तर चॅसिसला वेढणारे यू-बोल्ट लावावेत. पाट्यांच्या स्प्रिंगमुळे हे प्रत्येक गॅरेजवाल्याच्या ओळखीचे असतात. चॅसिसच्या वरच्या वा खालच्या आडव्या पट्टीत नवे छिद्र कदापि पाडू नये. भार येताच याच दोन पट्ट्या सर्वाधिक ताणल्या व दाबल्या जातात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेला असावा आणि सैल न होणारे नायलॉक नट वापरावेत. डिझेलची टाकी चॅसिसच्या ज्या बाजूला असेल तेथे टाकी उतरविण्याची वाट पायांनी अडत नाही ना, हेही आधीच पाहून घ्यावे. काही बीएस-६ गाड्यांत डीईएफची वेगळी टाकी असते, तिचेही तसेच.

वजनाचा हिशेब

एका बाजूला १.८ मीटरच्या दोन नळ्या व चार पाय धरून सुमारे ४.६ मीटर पाइप लागतो. दीड इंची सी क्लासमध्ये त्याचे वजन २० किलो, प्लेटा व बोल्टचे सहा-सात किलो. दोन्ही बाजू मिळून ५० ते ५५ किलो, म्हणजे सिमेंटचे एक भरलेले पोते गाडीवर कायमचे लादले जाते. हौशी चालकाच्या रिकाम्या गाडीला हे जाणवणार नाही. माल वाहणाऱ्या पिकअपच्या नोंदणी पुस्तकात मात्र रिकामे वजन व मालासह एकूण वजन हे दोन्ही आकडे नोंदलेले असतात. एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही, त्यामुळे हे पोते प्रत्येक फेरीत मालातूनच वजा होते. कोणत्याही स्लायडरचे वजन विक्रेत्याकडून आधी विचारून घ्यावे. दोन्ही बाजू मिळून पंधरा-वीस किलो असे उत्तर आले तर ते पोलादी पायदान आहे असे समजावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड व बुल बारवर कारवाई करण्याबाबत राज्यांना पत्र पाठविले होते. ते गाडीच्या पुढील भागातील लोखंडी चौकटींविषयी होते. अशा चौकटीमुळे पादचाऱ्याला जबर इजा होते, तसेच धडकेचा जोर शोषून घेण्याच्या गाडीच्या रचनेत अडथळा येतो. स्लायडर बाजूला, केबिनच्या रेषेत बसतो. म्हणून तो आपोआप निर्धोक ठरतो असे मात्र नव्हे. त्याला कसोटी कलम ५२ चीच लागते, आणि बाहेर आलेली नळी, वाढलेली रुंदी किंवा वाढलेले वजन त्या कसोटीवर मालकाच्या विरोधात जाते. उत्पादक कंपनीच्याच अधिकृत अॅक्सेसरीच्या यादीत स्लायडर असेल तर तो घेणे सर्वांत सुरक्षित. नसेल तर काम करून घेण्यापूर्वी आराखडा व वजन घेऊन परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीस जावे लागते. अधिकाऱ्याने हरकत घेतली तर बोल्टचा स्लायडर उतरविता येतो, वेल्डचा कापावा लागतो आणि कापताना चॅसिस पुन्हा भाजते. विमा कंपनीलाही हा बदल कळविलेला असावा. अपघातानंतर पाहणीस आलेल्या माणसाला तो प्रथमच दिसला तर दाव्यात वाद उभा राहू शकतो.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. स्लायडरवर रुंद जाळी लावली की त्यावर उभे राहून जाण्याचा मोह मजुरांना होतो. शेताच्या बांधापर्यंतचा तो प्रवास हळूहळू गावाच्या वेशीपर्यंत लांबतो. चालत्या गाडीच्या बगलेला लटकलेल्या माणसासाठी कोणतीही नळी पुरेशी मजबूत नसते. पाय ठेवण्यापुरती, दारासमोरची एक वीतभर चेकर प्लेट पुरेशी आहे.

जंगलवाटांच्या हौशींसाठीही एक खबरदारीची सूचना आहे. येडशी येथील रामलिंग घाट हे वन्यजीव अभयारण्य असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. गाडीला स्लायडर आहे म्हणून तेथील ओढे सराव करण्याची जागा होत नाहीत.

ताब्यात घेण्यापूर्वी

स्लायडर बसवून झाला की पैसे चुकते करण्याआधी दुकानाच्या सपाट आवारातच त्याची परीक्षा घेता येते. गाडी रिकामी करावी, गिअरमध्ये ठेवून दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगडाच्या उटी लावाव्यात आणि स्लायडर व केबिन यांतील अंतर तीन ठिकाणी मोजून ठेवावे. मग स्लायडरच्या मध्यावर पुरेशा क्षमतेचा जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाके हलकी होईपर्यंत गाडी सावकाश उचलावी. गाडीखाली कोणीही जाऊ नये. दोन टनांच्या गाडीत या वेळी स्लायडरवर एक टनापर्यंत भार येतो. अंतर काही मिलिमीटर कमी होणे स्वाभाविक आहे. गाडी खाली घेतल्यावर ते पूर्वीइतके व्हायलाच हवे. न झाल्यास कोठेतरी पोलाद कायमचे वाकले आहे, आणि धक्क्याने आदळणाऱ्या गाडीखाली ते याहून पुष्कळ अधिक वाकेल. परीक्षा घेऊ देण्यास दुकानदार तयार नसेल तर ते उत्तरही पुरेसे बोलके आहे.

रंगाच्या बाबतीत पावडर कोटिंगचा आग्रह धरू नये. पहिल्याच दगडावर त्याचा टवका उडतो आणि उरलेल्या थराखाली गंज नकळत पसरतो. रेडऑक्साइड आणि साधा काळा रंग खरवडला की दिसतो व घरीच पुन्हा लावता येतो. नळीची तोंडे बंद केलेली असावीत, तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र असावे, आणि पहिल्या पंधरा दिवसांनंतर सर्व बोल्ट एकदा पान्याने तपासून घ्यावेत. त्यानंतर प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी, गाडी वर घेतलेलीच असते तेव्हा, प्लेटांच्या कडेला चॅसिसवर केसाएवढी रेघ उमटली आहे का हे बॅटरीच्या उजेडात पाहावे.